राखीव सिलिंडर

१२ सप्टेंबर
कारखान्यात ऑक्सिजन आहे, भरायला सिलिंडर नाहीत — दिवसभर हेच सांगून घसा बसला. रिकामा आणा, भरलेला न्या. धंद्याची साधी रीत. पण साथ आली आणि हाती आलेला सिलिंडर कुणी सोडेना. जो तो कॉटखाली सरकवतो. 'असू द्या, वेळ काय सांगून येते?' माणसं धापा टाकतायत आणि लोखंड झोपलंय.

१३ सप्टेंबर
मोठ्या इस्पितळात रिकामे मागायला गेलो. तिथला स्टोअरकीपर — किल्ल्यांच्या जुडग्यावरून मी त्याला कुलूपराव म्हणतो, तोंडावरसुद्धा. "शेठ, मागच्या अंगणातले सगळे रिकामेच. पण सोडायचे नाहीत, वरून हुकूम आहे."
पान्हा काढून एकेक ठोकला. रिकामा घंटेसारखा वाजतो, भरलेला मुका. सगळी रांग मुकी! याच लोखंडाखाली खांदे सोलवटून मी हमालाचा मालक झालो, आणि हा मला बनवतो.
"अहो, आमची पाइपलाइन आहे. हे अडीअडचणीला." मग रिकामे का म्हणालात? "खरं सांगितलं तर तुम्ही मागाल."
हेही खरंच.

१४ सप्टेंबर
छोट्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. माझ्या लेकीचं बाळंतपण यांच्याच हातचं. आवाज कधी चढत नाही, आजही नाही. "काका, संध्याकाळपर्यंत पुरेल. मग आधी कुणाचा बंद करू, तेवढं सांगा."
कुलूपरावाकडे हात पसरले. म्हणतो, अर्ज करा.
मग टेम्पो घेऊनच गेलो. चेहरा पाडला. 'आम्ही भरून दिलेल्या तुमच्या खेपेत पाण्याची ओल निघालीय. कुणाला लावलंत तर तुमच्या गळ्याशी येईल. उद्या बदलून देतो.' गळ्याचं नाव काढताच किल्ल्या आपसूक फिरल्या. माझ्या हमालांना चहासुद्धा त्यानेच पाजला.
अर्धे पुरले असते. पण मिळतंय तर का सोडा — सगळी रांग उचलली.
दिवेलागणीला बाईंच्या दारात. त्यांनी नुसते हात जोडले. मी म्हटलं, "अहो, लोखंडाला कसले हात जोडता!"

१५ सप्टेंबर
बाईंकडचे सगळे तगले. उरलेले सिलिंडर माझ्या गोदामात. बायको म्हणाली, "ते तरी परत देऊन टाका." म्हटलं, असू देत, बाईंना परवा लागतील. कुलूपरावाला पुन्हा 'उद्या' सांगितलं.
"एवढं हसताय काय?" — बायको. हसू नको तर काय करू? लबाडांच्या बाजारात आज माझाच माल खपला.

१६ सप्टेंबर
मोठ्या इस्पितळाची पाइपलाइन पहाटे बंद पडली. अंगणात धावले, तर अंगण मोकळं. तळमजल्यावरचा वॉर्ड गेला.
कुलूपरावाचा फोन. रडत होता. "शेठ, ओल होती ना हो त्यांत? म्हणजे असते तरी उपयोग नव्हता ना?"
हो म्हणालो.