खाऱ्या बावीपुढचं व्याख्यान

२८ एप्रिल, मंगळवार

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. पाणीबचतीवर व्याख्यान, आणि वक्त्यालाच प्यायला पाणी नाही. शेवटी समोरच्या शेवंतीकाकींनी घरून तांब्याभर आणून दिलं. ते गटागटा पिऊन मी गळक्या नळांवर तासभर बोललो. मग काकी उठल्या. "मास्तरानू, लॉजवाल्यान बोअर मारल्यान आणि दर्याचा पाणी शिरान माझी बाव खारी झाली. आता खारा पाणी वाचवून मी काय करू?"

सगळे हसले. पहिल्या रांगेतला लॉजवालाही. मीही हसलो, निर्लज्जासारखा. आणि तो तांब्या... गोडं पाणी काकी वरच्या वाडीतून डोक्यावर आणतात, हे नंतर कळलं.

आमची विहीर अजून गोडी आहे. किती दिवस, देव जाणे. अंधार पडायच्या आत एक कळशी भरली, काकींच्या पायरीवर ठेवली आणि हाक न मारता परत आलो.