सिमल्याचा करार आणि आपली चूल

आई, काल नातीला सिमला करार समजावत होते आणि मधेच तू आठवलीस. बहात्तर साल, पावसाळा नावालाच; मिरजगावात धूळ उडत होती. दादा लढाईत पकडला गेलेला, पाकिस्तानच्या कैदेत. त्याचं एकच कार्ड आलेलं. मी नगरच्या कॉलेजातून सुट्टीला आलेय. ओसरीवर बाबांच्या पक्षाची माणसं बसली आहेत. जिंकलेली जमीन परत द्यायची नाही म्हणून कराराच्या विरोधात चौकात सभा, अध्यक्ष बाबा. दारी आलेल्याला चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही हा तुझाच नियम, आणि तूच चूल पेटवत नाहीस.

बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली तशी तू उंबऱ्यात आलीस. "च्या न्हाई मिळायचा. माजं पोरगं तिकडं हाय."

"वहिनी, हा देशाचा प्रश्न आहे," नगरहून आलेले वक्ते म्हणाले. "आणि कैद्यांचं करारात काही ठरलेलंच नाही."

"बोलनं तर चालू हाय ना? बांधाच्या भांडनात शेजाऱ्यानं बैल कोंडला, तर आदी बैल सोडवून आनत्यात, मंग बांध मोजत्यात. तुमी उलटं निगालाय."

"म्हणजे पोरगा बैल झाला की!" कुणीतरी हसलं.

"बापावर गेलाय," तू म्हणालीस.

सगळे हसले, बाबा सोडून. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "माजी तब्येत बरी न्हाई म्हनून सांगा सभेत."

"खोटं कशाला? बायकूनं अडवलं म्हना."

सभा त्यांच्यावाचून झाली. पक्षाची माणसं पुन्हा आपल्या ओसरीवर चढली नाहीत, की निवडणुकीत बाबांना कुणी विचारलं नाही. बाबांनी त्याबद्दल तुला कधी शब्दानं दुखवलं नाही, हे मी पाहिलंय.

थंडीत दादा सुटून आला, नुसता हाडांचा सापळा. पहिल्याच जेवणाला म्हणाला, "करार चुकला. जिंकलेली जागा सोडायला नको हुती." मी दचकून तुझ्याकडे पाहिलं. तू भाकरी थापत होतीस. "बोल लेकरा," म्हणालीस, "हितं बसून काय बी बोल."

काल नातीनं विचारलं, "आजी, तुझं मत काय?" वर्गात वर्षानुवर्षं मांडल्या त्याच दोन बाजू मी मांडल्या. तुला वाचता येत नव्हतं, आलेलं टपाल मीच वाचून दाखवायचे. तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच नाही. एवढंच कबूल करते: राज्यशास्त्र जन्मभर शिकवलं, पण त्या दिवशी दादा समोर जेवत असताना, तो स्वतःच करार चुकला म्हणत होता तरी, मला ती दुसरी बाजू दिसलीच नव्हती.