आईच्या नावामागचा राजा

बेर्दाशेन,
६ एप्रिल १९९९

प्रिय सेरोबदादास,
धाकट्या नोराइरचा नमस्कार. तू, वहिनी आणि छोटी सुखरूप असाल असं धरून लिहितो आहे. हे तिसरं पत्र. आधीची दोन पोचली नसावीत, म्हणून हे तिकडे रोस्तोवला येणाऱ्या बसवाल्या गागिकच्या हाती देतो. पत्ता दोनदा तपासला आहे.

इकडे सगळं ठीक आहे. जर्दाळू फुलली आहे. छपराचा गळका पत्रा मी बदलला. कोंबड्या दोनच उरल्या. त्यातली एक अंडी देत नाही, पण तिच्याशी बोलायची सवय झाली आहे, म्हणून ठेवली.

किल्ल्यावरची राखणदारी चालू आहे. सकाळी आठला वर जातो, पायऱ्या झाडतो, कोठारात पुरलेले रांजण मोजतो. चौतीस आहेत. रोज चौतीसच भरतात, तरी मोजतो. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून घरात बोलणं असं होतच नाही. वर निदान दगडांवरचे जुने राजे आहेत.

दरवाजापाशी एक अर्धा दगड सापडला होता. उत्खननाच्या सातेनिकबाईंनी गेल्या द्राक्षतोडणीच्या वेळी मला तो वाचून दाखवला. त्यात मेनुआचा मुलगा आर्गिश्ती राजा सांगतो, इथली जमीन ओसाड होती, मी किल्ला बांधला, कालवा आणला, मळे लावले. आणि शेवटी, "जो हा दगड जागचा हलवील, जो मातीत लपवील, जो दुसऱ्याकडून हे करवील..." तिथे दगड तुटलेला.

"त्याचं काय?" मी विचारलं.

"ते उरलेल्या अर्ध्यावर. शापच असणार, पण नेमका काय ते तो सापडल्यावर कळेल. का रे, तू हलवलास की काय?" आणि त्या हसल्या.

मीही हसलो. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

त्र्याण्णवचा हिवाळा तू विसरला नसशील. वीज नाही, सरपण नाही, शाळा बंद पडली ती माझ्यापुरती कायमचीच. आई गेली तेव्हा कबरीवर घालायला दगड नव्हता. तू आणि बाबांनी किल्ल्यावरचा तो काळा दगड घसरगाडीवर घालून आणलात. मी मागून खराट्याने बर्फावरच्या खुणा पुसत आलो. एका बाजूला बारीक ओरखडे होते. बाबा म्हणाले, "कोंबड्या नाचल्यात वाटतं. ही बाजू खाली जाऊ दे." वरच्या गुळगुळीत बाजूवर मी खडूने अक्षरं आखली आणि तू छिन्नीने हायकानुश कोरलंस. सहा वर्षं राजा पालथा पडून होता आणि त्याच्या पाठीवर आई.

गुन्हा काय तो मला पाठ होता, शिक्षा मात्र ठाऊक नव्हती. हिवाळाभर हिशेब मांडत बसलो. बाबा गेले ते त्यामुळे का? दादा लिहीत नाही, ते त्यामुळे का?

काल मृतांचा सोमवार होता. ईस्टर झालं की दुसऱ्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात जातं, ते काही तू विसरणार नाहीस. बायकांनी आपापले दगड धुतले, त्यांवर कापड अंथरून भाकरी, मासे, लाल अंडी मांडली. मी भाकरी घेऊन नुसता उभा.

"नोराइर, मांड की रे. पाहुण्यासारखा काय उभा राहिलास?" शेजारच्या वार्दुशमावशी म्हणाल्या. मग त्यांनी खाली पाहिलं. "दगड कुठाय?"

"संग्रहालयात."

"आईचा दगड?" त्यांनी दगड धुणं थांबवलं. "गावभरचे अर्ज तू लिहून देतोस, काना-मात्रा चुकत नाहीस. आणि आईलाच खोडून बसलास होय?"

एवढं एक वाक्य तुला कळवायला मी जर्दाळूपासून सुरुवात केली.

मार्चमध्ये मीच सातेनिकबाईंना सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, बाबांचं आणि माझंच घेतलं. त्या रागावल्या नाहीत. कबरीवरचा दगड उलटवला, ब्रशने माती काढली. मी म्हणालो, आधी शाप वाचा. त्यांनी वाचला. "देवांनी त्याचं घर सूर्याखाली ठेवू नये, घरात माणूस ठेवू नये, त्याचं नाव घेणारं कोणी ठेवू नये."

"भिऊ नकोस," त्या म्हणाल्या, "सत्तावीसशे वर्षं झाली. ते देवही आता थकले असतील."

मी भ्यालो नव्हतो. मला वाटलं होतं, अजून काही यायचं बाकी असेल. यातलं तर येऊन गेलेलं होतं.

संग्रहालयात दोन्ही अर्धे जोडून भिंतीला टेकवले आहेत. राजा पुढे, आई भिंतीकडे. मी तिकीट काढून गेलो आणि कोणी बघत नाही असं पाहून मागे हात घातला. बोटं पहिल्या अक्षरापर्यंत पोचतात, पुढे नाही.

सातेनिकबाईंनी त्याच खाणीतला नवा दगड मिळवून दिला. तो अंगणात आहे. नाव मीच कोरलं, दोन आठवडे लागले. गावातले चौघे म्हणाले, चल, बसवून टाकू. मी नको म्हटलं. पहिला तू धरला होतास, मी फक्त खुणा पुसल्या. या वेळी एक टोक मला धरायचं आहे. दुसरं कोणाला द्यायला मन होत नाही. फार जड नाही, मी एका बाजूने उचलून पाहिला.

काल वाइन मातीवर ओतली, ती लगेच मुरली. भाकरी ठेवायला जागा नव्हती, हातातच धरून खाल्ली.

येणार नसशील तर तसं लिही. नुसतं ‘नाही’ एवढंच लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

दगडाच्या एका टोकाशी उभा,
नोराइर