राखणीची मुंडी

९ सप्टेंबर
अखेर रत्नागिरी! मिरजोळ्याच्या पुढे, कातळाच्या उघड्या सड्याला लागून मालनकाकींकडे खोली मिळाली. सारवलेली जमीन, एक खाट, दारात झेंडू. आल्या आल्या काकींनी गरम घावणे वाढले. मेलेल्या जनावरांवर येणारे भुंगेरे शोधून त्यांची जात ओळखायला आलेय म्हटल्यावर मात्र त्यांनी पुन्हा हात धुतले. असल्या कामाला घरचे पाठवतात कसे, असं त्यांचं म्हणणं.

१२ सप्टेंबर
डोकं फिरलंय. जमिनीत पुरलेल्या डब्यात कुजके बांगडे ठेवते, ते रोज कोल्हे पळवतात. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलंय, या महिन्यात एक तरी नमुना ओळखून दे, नाहीतर सर्वेक्षणातून बाहेर. आज सड्याच्या कडेला एका दगडापाशी नारळ आणि कोंबड्याची मुंडी दिसली. आयतं आमिष! उचलली आणि डब्यात टाकली.

१३ सप्टेंबर
मिळाला! काळा, पाठीवर नारिंगी पट्टे, मिशांना गोंडे. मढं पुरणारा भुंगेरा. तळहातावर ठेवून सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं, हे कोकणात सापडत नाहीत, नीट बघ. अहो, माझ्या हातावर बसलाय! नुसता संताप.

काकींना कौतुकाने मुंडीचं सांगितलं, तर त्या मटकन खाली बसल्या. "गो बाय, गावच्या राखणदाराचा वाटा उचललास? आता त्याच्या जाग्यावर काय ठेवनार?" बाजारातून दुसरी आणते म्हटलं. त्या उठून गेल्या.

१५ सप्टेंबर
डब्यातल्या मुंडीला एकही भुंगेरा शिवत नाही. सगळे माझ्या खाटेखाली! हे जिवंत माणसाकडे येत नाहीत, मग इथे काय ठेवलंय? जमीन भुसभुशीत झालीय, खाट कललीय. काकींनी नाकाला पदर लावून चहा उंबऱ्याबाहेर ठेवला.

१६ सप्टेंबर
उशीवर केसांचा पुंजका. हे पुरण्याआधी केस, पिसं काढतात — खालची माती उपसतात — मढं आपोआप खाली जातं. मला कसलाच वास येत नाही. काकींना येतो.
मुंडी परत ठेवून येते. पाय उचलत नाहीत —

१७ सप्टेंबर
सरांचा मेसेज. जात तीच, नमुना मान्य, मी सर्वेक्षणात राहिले. फक्त विचारतात, फोटोतला तो मेलेला हात कुणाचा —

माझा, सर. माझा —
खाट मातीत उतरलीय, उंबरा डोळ्यांच्या वर गेलाय. काकी तिथे नारळ ठेवतायत — हात जोडतायत — अहो काकी, इकडे बघा, मी अजून