पहिल्या वाफेच्या इडल्या

सावेडी, अहिल्यानगर
९ नोव्हेंबर २०२५

ती. शालनताईंस,
निकिताचा नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे थंडी पडू लागलीय. संस्कृती कालपासून भात खातेय, उद्या शाळेत जाईल. चार वेळा फोन लावला आणि कापला, म्हणून लिहितेय.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस तुमच्याकडे श्रीरामपूरला राहून ती आली, ती उंबऱ्यातूनच ओरडत. “मम्मी, मी हॉटेलात नाश्ता केला!” तुम्ही आदल्या दिवशी जाऊन मालकाशी बोललात, हिंगात कणीक असते म्हणून सांबार नको म्हणालात, घरून चटणी नेलीत. सकाळी भटारखान्यात उभं राहून, धुतलेल्या भांड्यातल्या पहिल्या वाफेच्या इडल्या तिला दिल्यात. दिवसभर तेच. “मोठ्या आईला सगळं कळतं.”

ताई, खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. डॉक्टरांनी सिलिॲक सांगितलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून गव्हाचा कण तिच्या पोटात जाऊ नये म्हणून मी जपतेय. लग्नात सगळी पोरं जेवायला बसली की मी तिला डबा उघडून देते, आणि ती मान खाली घालून खाते. मी आठवते ती ‘नको, नको’ म्हणणारी. हसू मात्र तुमच्या वाट्याला.

दुसऱ्या दिवशी रविवार. हे अकोल्याला गेले होते. कुणाला न सांगता मी तिला इथल्या एका हॉटेलात नेलं.

“मम्मी, मोठी आई आधी आत जाऊन बघते,” ती म्हणाली.

“मला शिकवू नकोस,” मी म्हणाले. वेटरला विचारलं, “यात गहू नाही ना?”

“नाही मॅडम, तांदळाचाच डोसा.”

डोसा आला. ती माझ्याकडे बघून अशी हसली की काय सांगू! तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मला दिसलं, त्याच तव्यावर पराठा भाजत होते. मी पाहिलं, ताई. तिचा हात धरायला वेळ होता. नाही धरला. ते हसू मला हवं होतं.

दुपारपासून उलट्या. पोट धरून कळवळत होती. आईंनी विचारलं, “काय खाल्लं हुतं पोरीनं?” मी म्हणाले, “श्रीरामपूरला काय चारलं कोण जाणे.” म्हणून आईंनी तुम्हाला फोनवर तसं सुनावलं. तुम्ही उलट शब्द बोलला नाहीत, फक्त “पोरगी कशी आहे?” एवढंच विचारलंत. त्याचाही मला रागच आला.

मंगळवारी औषध देताना संस्कृती हळूच म्हणाली, “मम्मी, मी आत न बघता खाल्लं हे मोठ्या आईला सांगू नकोस. ती मला परत नेणार नाही.”

नऊ वर्षांचं लेकरू स्वतःला दोष देत होतं. तिला जवळ घेऊन सांगितलं, चूक तुझी नाही, माझी. मग आईंना आणि ह्यांना खरं सांगितलं. आई माझ्याशी बोलत नाहीत. त्या तुम्हाला फोन करतील, पण त्याआधी हे माझ्या हातून तुम्हाला कळायला हवं.

मे महिन्यात संस्कृतीला पाठवेन. ती तुमचं कौतुक करत परत येईल आणि मला पुन्हा झोंबेल, हे मला माहीत आहे. तरी पाठवेन. तिला घ्याल ना?

तुमच्यावर आळ घेतलेली, तुमची धाकटी जाऊ,
निकिता