उणे ऐंशीवर ठेवलेलं

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू नेहमीचा प्रश्न विचारलास, आई, तू इकडे राहायला कधी येणार, आणि मीही नेहमीचंच उत्तर दिलं की एवढं सत्र संपू दे. त्यावर तू फोन ठेवलास तो जरा आपटूनच. तुझा राग बरोबर आहे. निवृत्तीनंतरची मुदतवाढ घेऊन झाली, ती संपल्यावर एक तरी विषय माझ्याकडे राहू द्या म्हणून विभागप्रमुखांच्या मागे लागून झालं. तिकडे तू माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, जावईबापूंनी खिडकीशी टेबल आणून ठेवलं, आणि मी मात्र दर वेळी काहीतरी निमित्त पुढे करते. फोनवर नीट बोलता येत नाही, मध्येच आपली चिमुरडी तो ओढून घेते. म्हणून लिहायला बसले.

माझ्याकडे राहिलेला विषय तुला माहीत आहे. शाश्वतता आणि पर्यावरणीय स्थित्यंतर. नावच इतकं जडजंबाल की ते फळ्यावर लिहीपर्यंत निम्मा वर्ग पेंगायला लागतो. आजवर मी तो कसा शिकवायचे? आटणाऱ्या नद्या, वितळणारे बर्फाचे डोंगर, चढत जाणारे आलेख. गेल्या वर्षी एक मुलगा तासानंतर थांबला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम, तुमच्या तासानंतर मला जेवण जात नाही, पण करायचं काय तेही कळत नाही. मला ते फार लागलं गं. इतकी वर्षं शिकवून मी पोरांची भूकच मारत होते की काय, असं वाटलं.

म्हणून यंदा आलेख गुंडाळून ठेवले आणि मुलांना आमची इमारतच अभ्यासाला दिली. वीज कुठे जाते, पाणी कुठे जाते, कशावाचून चालेल, ते शोधा. नियम एकच घातला. जे बंद करायचं ते वापरणाऱ्या माणसाला आधी पटवायचं, वरून हुकूम आणायचा नाही. इथेच सगळ्यांची गाडी अडली. पदार्थविज्ञानवाल्यांना आकडे तोंडपाठ, पण माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. जीवशास्त्रवाल्यांना कळवळा भारी, हिशेब मात्र शेजाऱ्याचा बघून करणार. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाफा ओढून घेणारी काचेची कपाटं रात्रभर उघडी आणि चालूच असतात. ती बंद करा म्हणून सांगायला गेलेल्यांना तिथल्या साहाय्यकाने पिटाळून लावलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कुणाला तरी सुचलं की उघडी का ठेवता हे विचारावं. तर काचा अडकत होत्या, इतकंच! खाली ओढायला दोन माणसं लागायची. मुलांनी खाचा साफ करून तेल घातलं, आणि आता तो गृहस्थच सगळ्यांना काचा खाली घ्या म्हणून दटावत फिरतो. वर्गात त्या दिवशी नुसता जल्लोष होता. मलाही वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

आणि पुढच्याच आठवड्यात गाडी माझ्या दारात. वर्गात एक मुलगा आहे, बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी, त्यामुळे त्याला सगळे टोपीच म्हणतात. तो मोजमापं घेऊन उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला की या इमारतीत एका कुटुंबाच्या घराएवढी वीज एकटा खाणारा फ्रीझर तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत आहे, आणि मॅडम, त्याच्या दारावर तुमचं नाव आहे. कुणाला हसू दाबता येईना, कुणाला माझ्याकडे बघवेना.

तुला तो फ्रीझर आठवत असेल. उणे ऐंशी अंशांचा, बाबांचा. सगळ्या तळ्यांच्या तळाचा गाळ त्यांनी त्यात नळ्यानळ्यांनी भरून ठेवला होता. तू त्याला बाबांचं चिखलाचं दुकान म्हणायचीस. बाबा गेल्यावर दारावरची चिठ्ठी बदलून मी माझं नाव लावलं, म्हणजे कुणी हात लावणार नाही. वीज गेली की मी आधी मेणबत्ती शोधत नाही, विभागात फोन करते. रोज संध्याकाळी निघताना त्या खोलीत जाते, आकडा बघते, दाराला हात लावते आणि मग घरी येते. ठमे, माझं सत्र संपत नव्हतं ते यामुळे. मी गेले असते तर आठवड्याभरात कुणीतरी तो बंद करून टाकला असता, आणि तेवढं मला सोसलं नसतं.

मुलांसमोर मी अगदी त्या साहाय्यकासारखीच भडकले. संशोधनाची सामग्री आहे, कधी लागेल सांगता येत नाही, तुम्हाला काय कळतंय. पण पोरं माझ्याच तालमीत तयार झालेली. पुढच्या बाकावरची एक अबोल मुलगी हळूच म्हणाली, मॅडम, बंद करायचं राहू द्या, आत काय आहे ते आम्हाला दाखवाल का? आता याला नाही कसं म्हणायचं?

मग हातमोजे चढवून आम्ही एकेक खण उघडला. बाबांचं ते वाकडंतिकडं अक्षर, प्रत्येक नळीवर तळ्याचं नाव आणि खोली. कापडगिरणी बंद पडल्यावर, तिचं रंगाचं पाणी जायचं ते खालचं तळं सावरलं का, हा त्यांचा प्रश्न अर्धाच राहिला होता. तेव्हा तपासणीला मूठभर गाळ लागायचा, आता चिमूटभर पुरतो. मुलांनी दोन महिने भान हरपून काम केलं. खालचे थर काळेकुट्ट, रंगांच्या विषाने भरलेले, आणि अगदी वर बोटभर स्वच्छ गाळ. तळं तेव्हाच सावरायला लागलं होतं! टोपीने ते सांगितलं तेव्हा मी वर्गासमोर रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. त्यांना मात्र त्या दिवशी डबा गोड लागला असणार. बाकीच्यांचं काम संपलं; जपून ठेवण्याजोग्या चार नळ्या शेजारच्या विभागाने त्यांच्या फ्रीझरमधल्या एका खणात ठेवून घेतल्या. बाबांचा चिखल कामी आला, आणखी काय हवं होतं त्यांना?

राहिला होता सगळ्यात खालचा खण. त्यात मागे, बर्फात चिकटून बसलेला एक जाड काचेचा डबा निघाला. त्यावर बाबांच्याच अक्षरात लिहिलेलं, "गारा. मालकीण ठमाबाई. तिला विचारल्याशिवाय हात लावू नये." टोपीने अगदी गंभीरपणे विचारलं की या ठमाबाई मॅडम कोणत्या विभागाच्या. मी तिथेच स्टुलावर बसले आणि हसत सुटले.

तू सहा वर्षांची होतीस. अंगणात गारा वेचल्यास आणि त्या वाटीत विरघळायला लागल्यावर घर डोक्यावर घेतलंस. बाबा वाटी घेऊन तसेच सायकलवरून गेले, आणि परत येऊन म्हणाले, तुझ्या गारा आता कधीच विरघळणार नाहीत. मोठेपणी तू हे सगळ्यांना हसत सांगायचीस, आमचे बाबा थापाडे म्हणून. मलाही ती थापच वाटायची, पोरीला गप्प करायला मारलेली. त्यांनी मलाही कधी सांगितलं नाही बघ. इतकी वर्षं मी ज्या फ्रीझरला पहारा देत होते, त्यात तुझ्या गारा होत्या.

काल मी माझ्या हाताने बटण बंद केलं. खोलीतली घरघर थांबली आणि इतकं शांत वाटलं की पोरंसुद्धा कुजबुजत बोलायला लागली. मी दाराला हात लावला, माझ्या नावाची चिठ्ठी काढली आणि घरी आले. झोप चांगली लागली. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की सत्र संपलं, आणि पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. मुलांना एक गार तपासायला हवी आहे, पण मालकिणीला विचारल्याशिवाय देणार नाही म्हटलं, तेव्हा ते फोन करून सांग. बाकीच्या तोवर शेजारच्या विभागाच्या त्याच खणात आहेत, त्या मी बरोबर आणतेय. टोपीने थर्मॉसची जुळवाजुळव केली आहे, पण प्रवास लांबचा आहे, तो काही खात्री देत नाही. चिमुरडीला सांगून ठेव, स्टेशनवर येताना वाटी घेऊन ये. गारा राहिल्या तर गारा, नाहीतर त्यांचं पाणी. काही झालं तरी मी येतेच आहे.

तुझीच, सामान बांधायला घेतलेली,
आई