देन बागुस घर बदलतात

मुंतिलान,
२१ मे २०१८

ती. म्बाक विदुरीस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं, की बापाकांचा दमा इतका वाढला तरी डॉक्टरांनी घरात जनावरं आहेत का एवढंसुद्धा विचारलं नाही. त्यांनी विचारलं होतं. मी, बापाकांची लेक, तेव्हा बाहेर औषधांच्या खिडकीशी उभी होते. आत बायको म्हणून इबू होती, आणि तिने सांगितलं, की दोन कोंबड्या आणि एक पारवा, बस. काल भाजी निवडताना तिच्याच तोंडून हे सहज निघालं. मी विनाकारण एका भल्या माणसाला नावं ठेवली. तूही त्यांच्याबद्दल कोणाजवळ बोलली असशील, तर कृपा करून परत घे.

मी इबूला विचारलं, की मागच्या पडवीत टबांची रांग आहे, त्यातले पांढरे उंदीर मग कोण? ती माझ्या तोंडावर हात ठेवायलाच धावली. नाव घेऊ नकोस, मानाने देन बागुस म्हण, ते ऐकत असतात, म्हणाली. आजारी माणसाशेजारी बसून कोणी त्यांचा विषय काढतं का? त्या परगावच्या डॉक्टरने हसत हसत नाव उच्चारलं असतं, आणि शेतातले त्यांचे भाऊबंद रागावून भातावर उतरले असते, म्हणजे?

म्बाक, मोठी बहीण म्हणून तुलाच सांगते, बापाक रोज सकाळी स्वतः टब उपसतात. मुताने भिजलेल्या तुसाचा वास माझ्याही डोळ्यांत जातो, ते मात्र वाकून शेवटची चिमूटसुद्धा हाताने काढतात आणि मग दुपारपर्यंत खोकतात. आपल्या बहिणीकडे, बुलिककडे, वोनोसोबोला प्रार्थनेसाठी राहिले तेव्हा डोंगर चढून आले, दोनदा भात मागून घेतला. घरी परतल्यावर पुन्हा छातीत शिट्टी. मला काय वाटतं ते तुला कळलंच असेल. पण त्यांना कसं सांगू? बस चालवणं सुटल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या पडवीत आहे. माझी पहिली शाळा त्यांनी तिथेच घेतली: नव्या पिल्लांना हात लावण्याआधी तळव्यांना त्याच टबातलं तूस चोळायचं, म्हणजे आईला परका वास येत नाही, आणि अजगर पाळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी एखादा उचलायचा तर आधी मान लववून परवानगी मागायची.

तुझ्या आठवणीत मी असतेच, ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
पालुपी


अंबारावा,
१ जून २०१८

चि. पालुपी हिस,
अ. उ. आ.

डॉक्टरांची निंदा मी फक्त देवाजवळ केली होती. ती परत घेतली आहे.

इबूवर रागावू नकोस. परवा आमच्या मठाच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या पोत्यामागून एक धिप्पाड उंदीर निघाला. फ्लोरेसची सिस्टर टेबलावर चढली, आणि मी, दोन वर्षं लॅटिन स्तोत्रं म्हणणारी मी, कमरेत वाकून म्हणाले, की देन बागुस, जरा वाट द्या. मदरनी चष्म्यावरून बघून विचारलं, की हे कोण गृहस्थ? सगळ्या जेवणभर हसत होत्या.

आता खरं सांगते. बापाकांनी मला वेगळं पत्र पाठवलंय. तुला कळवू नको असं लिहिलंय, पण माझ्याने राहवत नाही. संध्याकाळी शेजारी आपल्या टबांसाठी कोंडा आणून ठेवतात, तो तुला नुसता शेजारधर्म वाटत होता ना? मलाही वाटायचा. त्यांची समजूत अशी, की आपल्या पडवीतले देन बागुस पोटभर जेवताहेत तोवर शेतातले सबुरीने वागतील. बापाक लिहितात, की मी टब बंद केले आणि पुढच्या पिकाला दात लागले, तर अख्खं गाव माझ्या दाराकडे बघेल. म्हणजे नुसता हट्ट नाही गं तो.

तरीही तू डॉक्टरकडे जा. इबूची वाट बघू नकोस, एकटी जा. आणि वेळेवर जेवत जा. तुझी अक्षरं बारीक होत चालली आहेत.

आशीर्वाद आहेतच, तू मात्र पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
विदुरी


मुंतिलान,
१८ जून २०१८

ती. म्बाक विदुरीस,
सा. न. वि. वि.

गेले होते. डॉक्टर मेदानकडचे, त्यांना आपली रीत ठाऊक नाही. मी समजावल्यावर हसले, पण नंतर तेही देन बागुसच म्हणत राहिले. मला ते फार बरं वाटलं. बाकी काही बरं नव्हतं. ते म्हणाले, की असंच चाललं तर एखाद्या दिवशी पंपानेही श्वास उघडणार नाही. घरातून एक तर टब जावेत, नाही तर तुमचे वडील.

मी बापाकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग गिऱ्हाइकांच्या सापांनी काय सोयाबीनचं टेंपे खायचं का? पुष्कळ बोलणं झाल्यावर कबूल झाले, की आत्ताची पिल्लं मोठी झाली की बंद करू. पण तुला माहीत आहे, तसा रिकामा दिवस कधी येतच नाही. प्रत्येक टबात नर असतो. एक वेत दूध सोडतंय तोवर आई पुन्हा जड झालेली. म्हणून मी सगळे नर काढून वेगळ्या टबात घातले. बापाक शेजारी उभे राहून मान हलवत होते.

काल तूस बदलताना दोन माद्या उचलल्या तर पोटं गोल. मी विचारलं, हे कसं झालं? बापाक छपराकडे बघत म्हणाले, की पवित्र आत्म्याची कृपा असेल, तुझ्या बहिणीला विचार, ती जवळ राहते त्याच्या. स्वतःच्याच विनोदावर इतके हसले, की धाप लागली आणि मला पंप धरावा लागला. मीही हसले होते. मग चुलीशी जाऊन रडले. नर आता शेजारच्या म्बोक कासियेमच्या शेळ्यांच्या गोठ्यात ठेवून आले, तरी त्याआधी आणखी काय झालंय ते बापाकांनाच ठाऊक.

मी थकले, म्बाक. भिंतीपलीकडचा त्यांचा श्वास ऐकायची इतकी सवय झाली आहे, की तो जरा शांत झाला तर उलट उठून बघते. इबू म्हणते, की तू काळजी करून करून त्यांच्याआधी जाशील.

मला सल्ला हवा आहे, आणि तुझा लोभ तर रोजच.

तुझी,
पालुपी


अंबारावा,
२७ जून २०१८

चि. पालुपी हिस,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. टब बंद करू नकोस, देन बागुसांचं घर बदल.

नदीपलीकडचे पाक तुगिमान दर आठवड्याला अजगरांसाठी आपल्याकडूनच नेतात. एकटे राहतात, घर बांबूचं, वारा आरपार. त्यांना विचार, की सगळे टब ठेवून घ्याल का. हो म्हणाले तर पिवळा भात कर, शेजाऱ्यांना जेवायला बोलाव आणि देन बागुसांना मानाने निरोप द्या. घर सोडून गेलेला पाहुणा रागावत नाही, हाकललेला रागावतो. शेजाऱ्यांना कोंडा तिकडे नेता येईल.

सध्या इतकंच. माझा जीव तिकडे आहे हे विसरू नकोस.

तुझी,
विदुरी


मुंतिलान,
९ जुलै २०१८

ती. म्बाक विदुरीस,
सा. न. वि. वि.

पाक तुगिमान हो म्हणाले. आमच्या म्हाताऱ्या अजगराला वाटेल की देवाने दुकानच घरी पाठवलं, असंही म्हणाले. शेजारीही तयार झाले. म्बोक कासियेमने तर सांगितलं, की नदीपर्यंत चालणं गुडघ्यांना चांगलं, आणि भातात अंडी जास्त घाल.

राहिले बापाक. ते नाही म्हणत नाहीत. म्हणतात, चांगला दिवस काढा. आणि दिवस काढला की मोडतात.

मला फार दिवस हातात नाहीत. त्या दोघींची पिल्लं आता खाऊ लागतील, पण जूनच्या शेवटी गोठ्यातला एक नर एका रात्रीपुरता टबात परत आला होता, कसा ते विचारू नकोस, आणि एक मादी पुन्हा जड आहे, ती विसाच्या सुमारास विईल. नुकत्या व्यालेल्या आईचा टब हलवला तर घाबरून ती आपलीच पिल्लं खाते, हे मी तुला सांगायला नको. म्हणजे मग पुन्हा महिनाभर थांबायचं, त्याच हवेत. म्हणून पिल्लं सुटी झाल्यावर आणि ती विण्याआधी, मधलेच चार दिवस. आपल्या पाच दिवसांच्या बाजारवारांसकट मोजले: सोमवार पाहिंग म्हटलं तर त्या वारी आजोबा वारले होते. मंगळवार पोन, आजी. गुरुवार क्लिवोन, थोरले काका. घरच्या माणसाच्या मरणवारी घराबाहेर काही न्यायचं नाही. मला संशय आला म्हणून बुलिकला विचारलं. तिन्ही खरे निघाले. बापाकांवर संशय घेतल्याचं मला वाईट वाटलं, तुला सांगून ठेवते.

उरला बुधवार वागे. तो माझा जन्मवार. मी तो दिवस उच्चारल्यावर बापाकांनी विनोद केला नाही. म्हणाले, न्दुक, पोरी, आपल्या जन्मवारी कोणी ओझं उचलतं का? जे काही वाईट यायचं ते तुझ्यावर येईल. मग बराच वेळ माझा हात धरून बसले. त्यांच्या छातीतली शिट्टी मला तळव्यात जाणवत होती.

मी दोन दिवस विचार केला. तू जाणतेस, मी पाल चुकचुकली तरी परत फिरणारी. पण या वेळी भीती सगळ्या बाजूंनी सारखीच आहे, आणि त्यातल्या त्यात ही मला उचलता येते. माझा श्वास चांगला आहे. यायचं असेल ते माझ्यावर येऊ दे. पाक तुगिमानना सकाळीच हातगाडी घेऊन यायला सांगितलंय. टब मी स्वतः उचलणार, बापाकांना हात लावू देणार नाही. इबूला हळद आणि नारळ आणायला सांगून झालं. आज न्याहारीला बापाकांनाही सांगितलं. ते आता जाळीच्या झाकणांना दोऱ्या बांधत बसलेत.

माझ्यासाठी त्या दिवशी एक मेणबत्ती लाव, आणि तुझ्या मायेची सावली राहू दे.

तुझी,
पालुपी

ता. क. मठाच्या दिनदर्शिकेत आपले बाजारवार छापलेले नसतील, म्हणून तारीख लिहिते: बुधवार, १८ जुलै.